कवटीत शोधलेला गुन्हेगार

इटलीत तुरीनच्या एका संग्रहालयात जुझेप्पे विलेल्ला नावाच्या माणसाची कवटी ठेवलेली आहे. हा विलेल्ला दक्षिणेकडच्या कलाब्रियातला, मोत्ता सान्ता लुचिया या डोंगरी गावचा. चोरीपायी तो तुरुंगात गेला आणि गावापासून शेकडो मैल दूर, उत्तरेतल्या पावियात, १८६४ साली कैदी असतानाच वारला. चेझारे लोम्ब्रोसो या डॉक्टरने त्याची कवटी तपासली. मागच्या हाडाला आतून जिथे बहुतेकांच्या डोक्यात उंचवटा असतो, तिथे विलेल्लाच्या कवटीत खळगा होता. असा खळगा काही प्राण्यांमध्ये दिसतो हे लोम्ब्रोसोला माहीत होतं. तेवढ्यावरून त्याने ताडलं की गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीच्या वाटेवर मागे राहिलेला माणूस. आदिम काळातल्या प्रवृत्ती घेऊनच तो जन्माला येतो. १८७६ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं. थोराड जबडा, वर आलेली गालफडं, बाहेर आलेले कान, अंगावरचं गोंदण, वेदना न जाणवणं, अशी लक्षणांची यादीच त्यात होती. पुस्तक युरोपभर गाजलं आणि आवृत्तीगणिक फुगत गेलं. विलेल्लाच्या गावाने अलीकडे ती कवटी दफनासाठी परत मागितली. २०१२ मध्ये खालच्या कोर्टाने गावाच्या बाजूने निकाल दिला, वरच्या कोर्टाने तो फिरवला. कवटी तुरीनमध्येच राहिली.

लोम्ब्रोसोची मोजमापं आज कोणी मानत नाही. चार्ल्स गोरिंग या इंग्रज तुरुंग-डॉक्टरने सुमारे तीन हजार कैद्यांची मापं सैनिकांच्या आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मापांशी ताडून पाहिली आणि १९१३ मध्ये जाहीर केलं की गुन्हेगाराचा असा वेगळा शरीरबांधा नसतोच. मात्र लोम्ब्रोसोचा प्रश्न टिकून राहिला: गुन्हेगार ही माणसांची वेगळीच जात आहे का? खुनाची बातमी वाचून ‘माणूस नव्हे, राक्षस आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा आपणही या प्रश्नाला होच म्हणत असतो. पुढे ज्या उपपत्ती येतील त्यांतल्या मला सर्वांत खऱ्या वाटणाऱ्या उपपत्तींनी हा प्रश्न बाजूला सारला. गुन्हा कुठे घडतो, कोणाच्या संगतीत घडतो, आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर सुरू होतो आणि कशाने थांबतो, हे त्यांनी विचारलं.

शरीराचा काहीच संबंध नाही असं मात्र नाही. न्यूझीलंडमधल्या डनीडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास तेव्हापासून चालू आहे. त्यांतल्या ४४२ मुलग्यांविषयीचा एक निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूतली काही रसायनं मोडणारं एक एन्झाइम ज्यांच्यात जन्मतःच कमी काम करत होतं आणि शिवाय लहानपणी ज्यांचे हाल झाले होते, त्यांच्यात मोठेपणी हिंसक वागणं जास्त आढळलं. बालपण बरं गेलेल्या मुलांत त्या एन्झाइमच्या जनुकाचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे जनुक असलं तरी त्याला खतपाणी घरातली मारहाण घालते. लोम्ब्रोसोच्या खळग्यापासून हे फार दूर आहे.

लोम्ब्रोसोच्या पुस्तकाच्या शंभराहून अधिक वर्षं आधी, १७६४ मध्ये, मिलानच्या चेझारे बेक्कारियाने अगदी वेगळा विचार मांडला होता. त्याच्या दृष्टीने गुन्हा करणारा तुमच्याआमच्यासारखाच, लाभ-हानीचा हिशेब करणारा माणूस. त्याला रोखायचं तर शिक्षा भयंकर असण्यापेक्षा ती होणारच आणि लवकर होणार, याची खात्री हवी. हे म्हणणं नंतरच्या संशोधनात बऱ्याच अंशी खरं ठरलं आहे. आपल्याकडे प्रत्येक भीषण घटनेनंतर फाशीची मागणी होते, मोर्चे निघतात आणि इकडे खटल्याला तारखांवर तारखा पडत राहतात. बेक्कारिया वाचलेल्या माणसाने मोर्चा काढायचाच झाला तर तो लवकर निकालासाठी आणि चोख तपासासाठी काढावा.

१८२०च्या दशकात फ्रान्सच्या न्यायखात्याने देशभरातल्या खटल्यांचे आकडे दरवर्षी छापायला सुरुवात केली आणि या अभ्यासाला पहिल्यांदा भक्कम जमीन मिळाली. आंद्रे-मिशेल गेरी या वकिलाने ते आकडे नकाशावर मांडले. १८३३च्या त्याच्या नकाशांत चोऱ्यामाऱ्यांनी सर्वांत गडद झालेले प्रांत उत्तरेकडचे, सधन प्रांत होते. गरिबी वाढली की चोरी वाढते हे समीकरण तेव्हाच डळमळलं; चोरायला आधी काही असावंही लागतं. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आदोल्फ केतले याला तर याहून चक्रावणारी गोष्ट दिसली. दरवर्षी होणाऱ्या खुनांची संख्या जवळपास तेवढीच राहते, इतकंच काय, खुनात वापरलेल्या हत्यारांचं प्रमाणही फारसं बदलत नाही. प्रत्येक खून कोणाच्या तरी मनातून उठतो, तरी सगळ्यांची बेरीज वर्षानुवर्षं एवढी सारखी कशी? केतलेचं उत्तर असं की गुन्ह्याची तयारी समाज करून ठेवतो, हात तेवढा एकट्याचा असतो.

चोरायला आधी काही असावं लागतं, हे गेरीच्या नकाशातलं सूत्र १९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकनांनी पुढे नेलं. गुन्हा करू पाहणारा माणूस, हाती लागण्याजोगी वस्तू आणि राखणदाराचा अभाव, हे तीन एका जागी, एका वेळी आले की गुन्हा घडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता आली तरी घरफोड्या वाढल्या, कारण दिवसा घरं रिकामी राहू लागली आणि टीव्हीसारख्या वस्तू उचलून नेण्याइतक्या हलक्या झाल्या. मे महिन्यात गावी जाताना शेजाऱ्याला ‘घराकडे लक्ष ठेवा हं’ असं सांगणारा माणूस याच सिद्धांतावर चालत असतो. चोर मुळात चोर का झाला, याविषयी मात्र हा सिद्धांत काही बोलत नाही.

त्या प्रश्नाकडे शिकागोमध्ये दोघे आधीच वळले होते. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी बालन्यायालयात आणलेल्या हजारो मुलांच्या घरांचे पत्ते शहराच्या नकाशावर टिपले. ठिपक्यांची दाटी भर शहरालगतच्या, कारखान्यांना खेटून असलेल्या मोडकळीच्या वस्त्यांत होती. तिथून जसजसं बाहेर जावं तसतसे ठिपके विरळ होत. या वस्त्यांत आधी जर्मन आणि आयरिश राहत, मग पोलिश आणि इटालियन आले, पुढे दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय. जे बाहेर पडले त्यांची मुलं सुधारली आणि जे नवे आले त्यांची मुलं बिघडू लागली. वस्तीतली माणसं पार बदलली, गुन्ह्यांचं प्रमाण मात्र वस्तीलाच चिकटून राहिलं. लोम्ब्रोसोला यापेक्षा नेमकं उत्तर कोणी दिलेलं मला ठाऊक नाही. १९४२च्या त्यांच्या पुस्तकातलं कारणही साधं आहे: जिथे सतत भाडेकरू बदलतात, तिथे शेजारी एकमेकांच्या मुलांना ओळखत नाहीत, टोकत नाहीत, आणि रस्त्यावरच्या मोठ्या पोरांचं वळण धाकट्यांना लागतं.

रॉबर्ट मर्टनची १९३८ची मांडणी पाठ्यपुस्तकांत फार मोठी जागा अडवते. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पैसा आणि प्रतिष्ठा. तिथे पोचायच्या सरळ वाटा मात्र थोड्यांनाच मोकळ्या असतात. या ताणातून काही जण आडवाट धरतात. फिलाडेल्फियातल्या गरीब स्थलांतरित कुटुंबात वाढलेल्या मर्टनने हे जवळून पाहिलेलं होतं आणि त्यात तथ्यही आहे. पण तोच ताण सोसणारे बहुतेक गरीब चोरी करत नाहीत, त्यांच्या मुली-बायका तर पुरुषांच्या मानाने फारच कमी गुन्हे करतात, आणि ज्यांना सगळ्या वाटा मोकळ्या आहेत असे लोक मात्र गुन्हे करतात. या तिन्ही गोष्टी मर्टनला नीट सांगता येत नाहीत.

तिसऱ्या गोष्टीवर एडविन सदरलँडने आयुष्य वेचलं. डिसेंबर १९३९ मध्ये अमेरिकन समाजशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्याने विचारलं की गुन्हेगारीचे सगळे सिद्धांत तुरुंगातल्या गरिबांकडे बघून बनवले, मग ऑफिसात बसून कोट्यवधींची लुबाडणूक करणाऱ्यांचं काय? त्यांना तर गरिबीही नाही आणि मोडकं घरही नाही. त्याने अमेरिकेतल्या ७० मोठ्या कंपन्यांचे जुने निकाल खणून काढले. त्यांच्याविरुद्ध ९८० निर्णय सापडले, म्हणजे कंपनीमागे सरासरी १४. खोट्या जाहिराती, पेटंटची चोरी, मक्तेदारीसाठी संगनमत, कामगार कायद्यांचा भंग. रस्त्यावरच्या चोराला एवढ्या शिक्षा झाल्या असत्या तर कायद्याने त्याला केव्हाच ‘सराईत’ ठरवलं असतं, हे सदरलँडने स्पष्ट लिहिलं. १९४९ मध्ये पुस्तक निघालं तेव्हा खटल्यांच्या भीतीने प्रकाशकाने कंपन्यांची नावं गाळायला लावली. ती नावांसकट छापली गेली १९८३ मध्ये, सदरलँडच्या मृत्यूनंतर तीस-एक वर्षांनी.

‘पांढरपेशी गुन्हेगारी’ हा विषय त्याने असा उभा केला. महाराष्ट्रात पतसंस्था बुडाली की म्हाताऱ्या ठेवीदारांच्या रांगा बंद शटरपुढे लागतात. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले, निवृत्तीचे, ऊस विकून आलेले पैसे त्यात गेलेले असतात. कितीही पाकीटमारांनी मिळून एका गावाचं एवढं नुकसान केलं नसतं. तरीही ‘गुन्हेगार’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे संचालक मंडळ येत नाही.

सदरलँडचं स्वतःचं उत्तर होतं शिकणं. गुन्हा माणूस जवळच्यांकडून शिकतो, कुलूप कसं उघडायचं किंवा हिशेब कसे लिहायचे हे तंत्र शिकतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचं समर्थन शिकतो. या समर्थनांची यादी १९५७ मध्ये ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी केली. मराठीत ती रोज ऐकू येते. ‘माझा नाइलाज होता.’ ‘कंपनीचा विमा आहे, कुणाच्या खिशातून गेलं?’ ‘त्याला धडा शिकवायलाच हवा होता.’ ‘बोलणारे स्वतः काय धुतल्या तांदळाचे आहेत?’ ‘दोस्तासाठी केलं, स्वतःसाठी नाही.’ या दोघांच्या मते गुन्हा करणाऱ्यालाही बरंवाईट आपल्याइतकंच कळतं. म्हणून तर त्याला आधी मनाची टोचणी बोथट करावी लागते. विजेच्या मीटरमध्ये फेरफार करणारा दुकानदार आणि दुचाकी चोरणारा पोरगा या बाबतीत एकाच शाळेत शिकलेले असतात.

आता मी त्या उपपत्तीकडे येतो जिची किंमत आपल्याच लोकांनी मोजली. लोम्ब्रोसोचं पुस्तक येण्याच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद असा: इथे धंदे जातीने चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो, तेव्हा चोराचा मुलगा चोर होणारच. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या निर्णयाला कोर्टात आव्हान देता येत नसे. त्या जमातीतल्या माणसाने स्वतः काही केलं असो वा नसो, त्याचं नाव नोंदवलं जाई, हजेरी लागे, आणि नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जायला पास लागे. १९११च्या कायद्याने हे सगळं मुंबई इलाख्यातही आलं. पारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटा, छप्परबंद अशा कितीतरी जमाती त्याखाली सापडल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत केली गेली. तिथले लोक गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत. त्या भागाच्या नावात ‘सेटलमेंट’ आजही आहे.

या जमाती भटक्या का होत्या, हे कायदा करणाऱ्यांनी विचारलं नाही. बंजारे बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य वाहून नेत; रेल्वे आली आणि तो धंदा गेला. पारधी शिकारीवर जगत. जंगलाचे कायदे झाले आणि शिकार हाच गुन्हा झाला. आधी पोट काढून घेतलं आणि नंतर पोटासाठी केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद रक्ताच्या नावावर केली.

समाजशास्त्रात ‘शिक्का’ किंवा ‘लेबलिंग’ म्हणून जी उपपत्ती ओळखली जाते, तिच्यासाठी याहून मोठा पुरावा शोधायची गरज नाही. फ्रँक टॅननबॉमने १९३८ मध्ये आणि हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये ती मांडली. एखाद्या मुलाला वाईट म्हणून वेगळं काढलं, त्याची नोंद ठेवली, त्याच्याशी तसंच वागत राहिलं, की सरळ जगण्याच्या वाटा एकेक करून बंद होतात आणि मुलगा त्या शिक्क्यासारखा होत जातो. ज्याच्या बापाला आणि आजाला रोज हजेरी द्यावी लागली, त्याला शेजारच्या गावात सालगडी म्हणून कोण ठेवणार?

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. त्यांत जमातीचं नाव नव्हतं, नजर मात्र जुन्याच वस्त्यांवर राहिली. गावात चोरी झाली की पहिला छापा पालांवर, हा अनुभव लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’त आतून लिहिला आणि १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगातली जातीवार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तुरुंग-नियमावलीतल्या तरतुदीही रद्द केल्या आणि या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं. १८७१ पासून मोजलं तर १५३ वर्षं झाली.

शिक्क्याच्या उपपत्तीत एक उणीव आहे. पहिली चोरी का झाली, हे ती सांगत नाही. ट्रॅव्हिस हिर्शीने १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला. मोह तर सगळ्यांनाच होतो. मग बहुतेक लोक गुन्हा का करत नाहीत? कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या शाळकरी मुलांच्या पाहणीवरून त्याने उत्तर दिलं: बांधलेपण. आईवडिलांना काय वाटेल याची काळजी, घडवत आणलेलं काही गमावण्याची भीती, दिवसभराचं काम, आणि नियम पाळावेत ही भावना. आपल्या घरांत ‘लोक काय म्हणतील’ याचा जाच पुष्कळांनी सोसला आहे, पण त्याच बोलण्याने कितीतरी पोरांचे हात आवरलेही आहेत.

हे बांधलेपण लहानपणीच जमतं की पुढेही जमू शकतं? १९८०च्या दशकात जॉन लाउब यांना हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाच्या तळघरात जुन्या कागदांची खोकी सापडली. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने बॉस्टनमधल्या सुधारगृहांतली ५०० मुलं आणि तशाच गरीब वस्त्यांतली, पण गुन्ह्यात न सापडलेली ५०० मुलं यांचा पुढे अनेक वर्षं माग ठेवला होता. लाउब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी ती माहिती पुन्हा तपासली आणि सुधारगृहातल्या मुलांपैकी काहींना त्यांच्या सत्तरीच्या आसपास गाठून मुलाखती घेतल्या. ज्यांची गुन्हेगारी सुटली त्यांच्या आयुष्यात एखादं वळण होतं: टिकलेलं लग्न, टिकलेली नोकरी, सैन्यातली भरती. लहानपणी सर्वांत वाया गेलेल्यांतलेही बहुतेक जण वय वाढत गेलं तसे थांबले. जगभरच्या आकडेवारीतही तेच दिसतं: गुन्ह्यांचा आलेख पौगंडावस्थेच्या अखेरीस कळस गाठतो आणि मग घसरत जातो. मूठभरच माणसं आयुष्यभर त्यात राहतात, आणि अठराव्या वर्षी ती कोण असतील हे खात्रीने सांगता येत नाही.

लाउब आणि सॅम्पसन यांच्या अभ्यासाच्या कितीतरी आधी, १९३९ मध्ये, औंध संस्थानात एक प्रयोग सुरू झाला होता. मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते औंधच्या राजांच्या, भवानराव पंतप्रतिनिधींच्या, मदतीला आलेले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत वसवून तिथे कैद्यांना भिंतीविना ठेवलं गेलं. जमीन दिली, शेती करायला लावली, आणि बायकामुलांना सोबत राहू दिलं. ही खुली वसाहत सांगली जिल्ह्यात आजही आहे. आटपाडी भागातलेच ग. दि. माडगूळकर यांनी तिच्यावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला. चित्रपटात जेलरच्या नजरेचा मोठा वाटा दाखवला आहे. मला शेताचा आणि कुटुंबाचा वाटा त्याहून मोठा वाटतो: पळायचं म्हटलं तर उभं पीक आणि पोरंबाळं मागे टाकून पळावं लागतं.

सरळ जगण्याकडे परतायची वाट मोकळी ठेवावी, हे शहाणपण आपल्या कायद्यात दोन ठिकाणी उतरलं आहे. १९५८चा परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा सांगतो की ज्याला परिवीक्षेवर किंवा समज देऊन सोडलं, त्याच्यावर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लादता येणार नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ अपवाद वगळता मुलाच्या गुन्ह्याची नोंद नष्ट करायला सांगतं. बाकीच्यांना शिक्षा भोगून आल्यावर चारित्र्य पडताळणीला सामोरं जावं लागतं. सॅम्पसन आणि लाउब यांच्या अभ्यासात ज्या गोष्टींनी माणसाला वळण दिलं त्यांतली एक नोकरी होती, आणि आपल्याकडे वाट नेमकी तिथेच अडते. कोणत्या कामांसाठी ही पडताळणी खरोखर हवी आणि किती वर्षांनी जुनी नोंद विचारात घेऊ नये, हे विधिमंडळाने आता कायद्याने ठरवून द्यायला हवं.